देवीच्या गालावरचा घाव

मी एक जुने चांदीचे नाणे आहे आणि मला कुणाची कीव नको, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, तुम्ही माझ्या काचेच्या पेटीपुढे येता, वाकून पाहता आणि "अरेरे" म्हणता. माझ्या एका बाजूवर जुनो देवीचे मुख आहे. तिने शेळीचे कातडे शिंगांसकट डोक्यावरून पांघरले आहे. तिच्या गालावर छिन्नीचा खोल घाव आहे. शेजारच्या पाटीवर लिहिले आहे, की हे नाणे दुर्मिळ आहे, पण या घावामुळे त्याचे मोल उतरले आहे. पाटी लिहिणारा माणूस विद्वान असेल. पण तो त्या दिवशी लानुवियमच्या देवराईत नव्हता. मी होते.

माझा जन्म रोमच्या टाकसाळीत झाला. ख्रिस्तजन्माच्याही साठेक वर्षे आधीची ही गोष्ट. आमच्या जातीला दिनारियस म्हणत. तुमच्याकडे 'दिनार' हा शब्द आहे ना, तो आमच्याच कुळातला. चांदीच्या चकतीला ठसा मारण्याआधी कानशीने तिच्या कडेला दाते पाडले. याला कारण लोकांचा अविश्वास. तांब्यावर चांदीचा मुलामा देऊन खोटी नाणी खपवणारे भामटे तेव्हा बोकाळले होते. दाते पाडले की आतली चांदी दिसते आणि घेणाऱ्याची शंका फिटते. म्हणजे जन्माला येण्याआधीच मला माझा खरेपणा दाखवावा लागला. माझा स्वभाव तेव्हापासूनच जरा खवट झाला असावा. मग मला तापवले, दोन ठशांच्या मध्ये धरले आणि वरून घण घातला. एका घणात मी चकतीचे नाणे झाले.

त्या वर्षी नाणी पाडण्याचा अधिकार रोमजवळच्या लानुवियम गावच्या एका माणसाकडे आला होता. रोममध्ये मोठे पद मिळाले, तरी माणूस आपल्या गावचे दैवत विसरत नाही. त्याने एका बाजूवर आपली जुनो देवी घातली, तारणारी जुनो. दुसऱ्या बाजूवर त्याने एक मुलगी घातली, आणि तिच्यापुढे वेटोळ्यावर ताठ उभा राहिलेला साप. मुलगी सापाला खाऊ घालते आहे. तिची मान सरळ आहे आणि तिचे डोळे उघडे आहेत. हे डोळे लक्षात ठेवा. माझी सगळी कहाणी त्यांचीच आहे.

पहिली काही वर्षे मी बाजारात हिंडले. खाटकाच्या हाताला चरबीचा वास, सराफाच्या हाताला कसलाच नाही. कुणी मला दाताखाली धरून पाहिले, कुणी दगडावर आपटून माझा आवाज ऐकला. चेहरा मात्र कुणी पाहिला नाही. देव अंगावर घेऊन फिरणाऱ्याकडे लोक पाहतात ते वजनापुरतेच. अशी फिरत फिरत मी शेवटी लानुवियमलाच येऊन पडले, माझ्या देवीच्या गावात.

लानुवियम हे टेकडीवरचे गाव. टेकडीच्या उतारावर देवीची देवराई आहे आणि देवराईत एक खोल गुहा. गुहेत देवीचा साप राहतो. दर वसंतात गावातल्या एका कुमारिकेने डोळ्यांवर पट्टी बांधून एकटीने त्या गुहेत उतरायचे आणि सापाला जवाच्या पिठाचा रोट द्यायचा, ही पूर्वापार चालत आलेली रीत. सापाने रोट खाल्ला तर मुलगी निष्कलंक आणि वर्ष पिकणार. सापाने तोंड लावले नाही, तर मुंग्या येतात, रोटाचा भुगा करतात आणि कण कण देवराईच्या बाहेर वाहून नेतात. मुंग्यांची रांग दिसली की निकाल लागला. मग त्या मुलीचे काय होते, ते मी एका घरात राहून पाहिले आहे.

ते घर विबियस नावाच्या शेतकऱ्याचे. रोमन लोकांना रस्ते बांधायला भरपूर वेळ होता, पण मुलींना नावे ठेवायला नव्हता. घराण्याचे जे नाव तेच मुलीचे. त्यामुळे विबियसची बहीण विबिया आणि विबियसची मुलगीही विबियाच. तुमचा घोटाळा नको म्हणून बहिणीला मी आत्या म्हणेन. मुलगी तिला तशीच हाक मारी, आणि त्या घरात तिला प्रेमाने हाक मारणारी ती एकटीच होती.

आत्या लहानपणी गुहेत उतरली होती. तिच्या वेळी मुंग्या आल्या.

तेव्हापासून तिचे लग्न झाले नाही. शेजारणी तिला चुलीचा विस्तव देत नसत. घरच्यांबरोबर तिला जेवायला बसता येत नसे. शेळ्यांच्या गोठ्याला लागून एक खोपटे होते, तिथे तिचा माग आणि तिथेच तिचे अंथरूण. गावाने तिला 'मुंगीवाली' असे नाव ठेवले होते. विबियसने बहिणीला घराबाहेर काढले नाही, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण तो तिच्याशी बोलत नसे. अंगणात समोर आली तर खाली बघून जाई, जणू तिच्या अंगावर मुंग्या अजून फिरत होत्या.

एकदा एका व्यापाऱ्याने तिने विणलेले लोकरी कापड घेतले आणि मला तिच्या तळहातावर ठेवले. तिने मला उलटे केले आणि चित्रातल्या मुलीच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. मग ती हसली. कित्येक वर्षांनी हसणारे माणूस हसताना जरा खोकल्यासारखा आवाज करते, तशी हसली.

"हिच्या डोळ्यांवर पट्टी नाही," ती शेळ्यांना म्हणाली.

त्यानंतर तिने मला खर्च केले नाही. मीठ संपले, हिवाळ्यात पायातली वहाण फाटली, तरी नाही. तुम्हाला वाटेल, नाण्याला ही कैदच. पण मित्रांनो, माझा चेहरा पाहून मला ठेवून घेणारी तीच पहिली. मी तिची झाले.

मग ते वर्ष आले. देवळात मडक्यात सगळ्या मुलींच्या नावाचे खडे टाकतात आणि पुजारी त्यातून एक काढतो. त्याच्या हाताला धाकट्या विबियाचा खडा लागला. गावात कुजबुज सुरू झाली. मुंगीवालीच्याच घरात पुन्हा, आता बघा काय होते ते. मुलीची आई लोलिया रडायलाच बसली. मुलगी आजारी आहे असे सांगू या, असे ती नवऱ्याला विनवू लागली. विबियस म्हणाला की नाही म्हणणे म्हणजे कबूल करणे. तो बोलला ते खरेच होते. दोन्हीकडून मरण. पोर परत आली आणि मागून मुंग्या आल्या, तर गोठ्याशेजारी दुसरे खोपटे बांधायचे, एवढाच प्रश्न उरणार होता.

मुलगी रडली नाही. ती शेळ्यांना पाला घालायच्या निमित्ताने आत्याकडे आली आणि तिने सरळ विचारले, तुझ्या वेळी आत काय झालं?

आत्याचा मागावरचा हात थांबला. "इतक्या वर्षांत हे विचारणारी तू पहिलीच," ती म्हणाली. मग तिने सांगितले. आत काही दिसत नव्हते. भिंतीला हात लावत ती उतरली. तळाशी पाय टेकला आणि पायाला काहीतरी चिकटले. ओले, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. ती घाबरली, रोट तिथेच टाकला आणि धावत वर आली. बाहेर पुजाऱ्याने तिच्या पायाचा पापुद्रा पाहिला. पापाचा मळ आहे असे म्हणत त्याने तो खरवडून जाळला. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या.

"काय होतं ते?" मुलीने विचारले.

"मला काय माहीत? माझ्या डोळ्यांवर पट्टी होती."

जत्रेच्या दिवशी पहाटेपासून लोलिया रोट करत होती. आत्याचा हातच काय, सावलीही पिठावर पडू नये म्हणून तिने दार लोटून घेतले होते. मुलीने आदल्या दिवसापासून पोटात काही घातले नव्हते, तशी रीतच होती. ती हात धुवायला अंगणात आली तेव्हा आत्याने मला तिच्या मुठीत कोंबले. देवळातल्या बायका अंग तपासतात, गळ्यातला ताईतसुद्धा काढून घेतात, म्हणून मला गालात धरायला सांगितले.

"आत्या, नाणं मेलेल्यांच्या तोंडात ठेवतात."

"ठेवतात, मेल्यावर नदीपलीकडं नेणाऱ्या नावाड्याला द्यायला. तुला कुठं पलीकडं जायचंय? तू हे परत आणून दे मला." मग तिने मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "पट्टी बांधली की काही दिसत नाही. तेव्हा जिभेनं चाचपून बघ. हिचे डोळे उघडे आहेत. कुणीतरी कधीतरी उघड्या डोळ्यांनी उतरलं होतं, त्याशिवाय हे चित्र आलं कुठून?"

मुलगी देवराईत पोहोचली तेव्हा सगळा गाव जमला होता. पुजाऱ्याचे नाव मेतियस. आत्याची पट्टी ज्या हातांनी बांधली होती, तेच हात आता म्हातारे होऊन भाचीची पट्टी बांधत होते. तसा मेतियस वाईट माणूस नव्हता. वर्ष बुडाले तर लोक आपल्याला धरतील, याची त्याला धास्ती होती. धास्तावलेला माणूस दोष ठेवायला दुसरा कुणीतरी शोधतो आणि लहान मुलगी सगळ्यात लवकर सापडते. त्याने रोटाची टोपली तिच्या हातात दिली. मी तिच्या गालात होते, मला तिच्या दातांचा आवाज ऐकू येत होता.

ती उतरू लागली. लोकांचा आवाज मागे राहिला. थंडी वाढली. तिची जीभ माझ्यावरून फिरत होती, देवीच्या शिंगांवरून, मग मी कूस बदलली की मुलीच्या ताठ मानेवरून. खोटे कशाला सांगू, मलाही भीती वाटत होती. मी बाजाराला भ्यायले नव्हते, घणाला भ्यायले नव्हते. पण ही पोर गोठ्याशेजारच्या खोपट्यात म्हातारी होईल, ही कल्पना मला सोसवत नव्हती.

तळाशी तिचा पाय टेकला आणि ती थबकली. पायाला काहीतरी चिकटले होते. ओले, पातळ.

ती पळाली नाही. तिने टोपली खाली ठेवली, दोन्ही हात वर नेले आणि पट्टी ओढून गळ्यात घेतली. मग तिने मला तोंडातून काढून तळहातावर घेतले.

वर खडकात एक फट होती, तिच्यातून उजेड येत होता. त्या उजेडात आम्ही दोघींनी देवीचा साप पाहिला. मित्रांनो, माझ्या अंगावरचा साप मुलीच्या खांद्याइतका उंच आणि डौलदार आहे. खरा साप म्हातारा होता. तो खडकाला अंग घासत होता. तोंडापाशी त्याची कात सुटून लोंबत होती, तिचाच एक तुकडा तुटून वाटेत पडला होता आणि मुलीच्या पायाला लागला होता. त्याचे डोळे दुधाळ झाले होते.

शेतकऱ्याच्या मुलीला यात न कळण्यासारखे काय होते? कात टाकायला आलेल्या सापाला दिसत नाही आणि तो काही खात नाही, हे तिथले शेंबडे पोरही सांगेल. मेतियसलाही ते ठाऊक होते. बांधावरच्या सापाबद्दल सगळ्या गावाला ठाऊक होते. पण देवीच्या सापालाही कात येते हे कुणाच्या मनात आले नाही, कारण त्याला कुणी पाहिलेच नव्हते. जी आत जाई तिचे डोळे बांधलेले आणि ज्यांचे डोळे उघडे ते सगळे बाहेर.

मुलगी उकिडवी बसली. "तुलापण पट्टी बांधलीय होय रे?" ती सापाला म्हणाली.

मग ती तिथेच थांबली. बाहेर लोक वाट पाहत असणार, आई देवीला नवस बोलत असणार, याची तिला पर्वा नव्हती. तिने रोट मोडला आणि अर्धा सापापुढे ठेवला. साप कात काढत राहिला, संथपणे, पायमोजा उलटा काढावा तसा. रोटाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. थोड्या वेळाने मुंग्या आल्या. काळ्या, शिस्तीच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ज्या प्राण्यांच्या नावाने तिची आत्या आयुष्यभर हिणवली गेली, त्यांना ती हनुवटी गुडघ्यावर टेकून पाहत राहिली. मुंग्यांनी कुणाचा निकाल लावला नव्हता. त्यांना भूक लागली होती, इतकेच.

तिलाही लागली होती. तिने उरलेला अर्धा रोट उचलला आणि खाऊन टाकला.

मी तिच्या मांडीवर होते. मी देवीचे नाणे आहे, मला हा अधर्म वाटायला हवा होता. पण माझ्या अंगावरच्या देवीला विचाराल, तर तारणारी म्हणवून घेणारी कुणीही उपाशी पोरीच्या हातातला घास काढून घेणार नाही. निदान माझी देवी तशी नाही.

सापाची कात पूर्ण सुटली तेव्हा तो नव्या चकचकीत अंगाने खडकाच्या फटीत निघून गेला. मुलीने ती अख्खी कात गळ्यातल्या पट्टीत जपून गुंडाळली, मला मुठीत धरले, रिकामी टोपली उचलली आणि ती वर आली.

उघड्या डोळ्यांनी बाहेर आलेली मुलगी गावाने कधी पाहिली नव्हती. लोक मागे सरकले. मेतियसने आधी पट्टी कुठे आहे ते विचारले, मग रीतीप्रमाणे विचारले की देवीच्या सापाने रोट स्वीकारला का. नुसती मान हलवली असती तरी काम झाले असते. टोपली रिकामी होती. खोटे बोलायची इतकी सोपी संधी माणसाला क्वचित मिळते.

"सापानं खाल्ला नाही," ती म्हणाली. "अर्धा मुंग्या नेतायत. अर्धा मी खाल्ला."

मेतियसने मागे उभ्या असलेल्या वृद्धांकडे पाहिले. वृद्धांनी एकमेकांकडे पाहिले. मुंग्यांनी रोट नेला तर काय करायचे, हे त्यांच्या कायद्यात होते. मुलीनेच खाल्ला तर काय, हे कुणाच्याही बापजाद्यांनी सांगून ठेवले नव्हते. आणि अर्ध्या अर्ध्याचा निवाडा करायचा तरी कसा? त्यांच्या तोंडचे पाणी पळालेले पाहून मला फार बरे वाटले. मी काही संत नाही.

मग मुलीने पट्टी उलगडली आणि कात दोन्ही हातांनी उंच धरली. तोंडापासून शेपटीपर्यंत ओली, पातळ, उजेडात आरपार दिसणारी.

गर्दीच्या अगदी मागे, झाडांच्या पलीकडे आत्या उभी होती. तिला जवळ यायची बंदी होती. ती चालत पुढे आली. लोकांनी वाट दिली, ती आदराने नव्हे, तिचा स्पर्श नको म्हणून. तिने दोन बोटांत कातीची कड धरली.

"हेच," ती म्हणाली. "माझ्या पायाला चिकटलं होतं ते हेच. मेतियस, तू जाळलंस ते हेच होतं."

मेतियसचा चेहरा पडला. त्याला आठवले होते, हे मला दिसले. पण इतक्या वर्षांची चूक एका क्षणात कबूल करायला छाती लागते. त्याने दुसराच मुद्दा काढला. पट्टी सोडायला हिला कुणी सांगितले, असे त्याने विचारले. मुलीने मूठ उघडली आणि मला दाखवले. हिच्या डोळ्यांवर पट्टी नाही, ती म्हणाली. रोममध्ये, देवीच्या नावाने, गावच्याच माणसाने हे चित्र घातले आहे.

मेतियसने मला घेतले, पाहिले आणि म्हणाला, "नाणं खोटं आहे. आत तांबं असणार."

मला! कडेला दाते असलेल्या मला! माझ्या अंगाची आग झाली, पण नाण्याला बोलता येत नाही.

"मग कापून बघ," आत्या म्हणाली.

देवळाचा सेवक छिन्नी घेऊन आला. त्याने मला पायरीच्या दगडावर ठेवले. देवीच्या अंगावर हत्यार उगारायला तो धजेना, म्हणून त्याने मुलीची बाजू वर केली आणि छिन्नी तिच्या चेहऱ्यावर टेकवली. तेवढ्यात आत्या वाकली. तिने मला उचलून उलटे ठेवले. आता देवी वर होती आणि मुलगी खाली, दगडाला टेकलेली.

"तिच्यावर नको," आत्या म्हणाली. "मुलींनी खूप सोसलंय इथं. घाव घालायचा तर देवीवर घाल. ती तारणारी आहे ना? मग सोसू दे तिला एक."

सेवकाने मेतियसकडे पाहिले. तो "थांब" म्हणेल असे त्याला वाटले असावे. मेतियसने अडवले नाही. छिन्नी बसली, हातोडी पडली आणि घाव देवीच्या गालात खोल उतरला. दुखले का, असे तुम्ही विचाराल. हो, दुखले. पण मित्रांनो, मी जन्मभर ज्या एका घावाची वाट पाहत होते तो हा होता. सेवकाने मला वर धरले. घावाच्या तळापर्यंत चांदी होती. पांढरी स्वच्छ चांदी.

तेव्हा गर्दीतून एक घोगरा आवाज आला.

"वर्ष पिकणार!"

तो विबियस होता. रोट स्वीकारला गेला की शेतकऱ्यांनी द्यायची ही आरोळी. ती पुजाऱ्याने खूण केल्याशिवाय द्यायची नसते. विबियसने खुणेची वाट पाहिली नाही. त्याने पुन्हा आरोळी दिली, या वेळी आवाज फाटला. मग त्याच्या शेजारच्याने दिली, मग सगळ्यांनी. खरे सांगायचे तर त्यांतल्या निम्म्या लोकांना काय झाले ते नीट कळले नव्हते आणि उरलेल्यांना घरी जाऊन जेवायचे होते. पण आरोळी ती आरोळी. मेतियसने निर्णय दिलाच नाही. शेतकऱ्यांनी तो त्याच्या हातून काढून घेतला.

विबियस बहिणीपुढे येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलला. "चल. जेवायला चल."

त्या दुपारी आत्या घरच्यांबरोबर बसून जेवली. लोलियाने तिच्या पुढ्यात घेवड्याची उसळ वाढली, वाढताना सांडली आणि मग दोघीही रडल्या. मी टेबलावर मिठाच्या भांड्याशेजारी होते. ते वर्ष पिकले का, असे तुम्हाला विचारायचे असेल. बेताचेच पिकले. नेहमीसारखे. गावातल्या काही पोरांनी 'मुंगीवाली' म्हणणे सोडले नाही, पण शेजारीण मात्र विस्तव द्यायला आपण होऊन दारात आली. सगळे जग एका दिवसात सुधारत नाही. विस्तव मिळाला, हे काही थोडे नव्हे.

पुढे काही दिवसांनी आत्या मला घेऊन देवराईत गेली. आपल्याला आता या नाण्याची गरज नाही, पण पुढच्या पोरींना पडेल, असे ती भाचीला म्हणाली. तिने मला गुहेच्या तोंडाशी, पहिल्या पायरीखाली पुरले. गुहेत उतरणारी प्रत्येक मुलगी माझ्यावरून जाणार होती.

तिथे मी शतकानुशतके होते. दर वसंतात माझ्यावरून पावले गेली. डोळ्यांवर पट्टी होती की नव्हती, ते मला मातीखालून दिसले नाही. काही पावले चाचपडत जात. पण काही, मित्रांनो, अजिबात अडखळत नसत. ती गेली की मी दिवसभर आनंदात असे. पुढे देवीला विसरलेले लोक आले, पावले थांबली, झाडे तुटली, माती चढत गेली. मुंग्या मात्र येत राहिल्या. माझ्या दात्यांतून त्यांनी रस्ता केला होता. मग एक दिवस कुणाच्या तरी कुदळीला मी लागले आणि या पेटीत आले.

आता माझे ऐका. परवा एक माणूस माझ्याकडे बोट दाखवून म्हणत होता, की हा घाव भरून, घासून, चकचकीत करता येईल, मग नाणे चांगल्या किमतीला जाईल. त्याला माझा निरोप सांगा. घासू नका. मोल उतरले तर उतरू दे. मी खरे आहे हे ज्या घावाने साऱ्या गावापुढे सिद्ध केले तो मिटवून मला गोंडस करणार असाल, तर त्यापेक्षा मला पुन्हा मातीत टाका, मुंग्यांत मी सुखात राहीन. जुन्या वस्तू जपा, पण त्यांच्या अंगावरचे व्रण आधी जपा.

आणि एक शेवटचे मागणे. या पेटीत मला देवीची बाजू वर करून ठेवले आहे, कारण देवी मोठी. मुलगी खाली आहे, मखमलीत तोंड खुपसून, अंधारात. आत्याने तिला एकदा असेच खाली ठेवले होते, पण ते तिला वाचवण्यासाठी. ती वाचली. आता तिला लपवायचे काही कारण नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन या पेटीची किल्ली हातात घेतलीत, तर घाबरू नका. मला उचला आणि उलटे ठेवा. तिचे डोळे अजून उघडेच आहेत.